पाणी कुठं मुरतं

इल्गवार्सनं मे महिन्यात यंत्राचा जबडा जमिनीत घातला.
तासाला तीस युरो, डिझेल वेगळं, दुपारचं जेवण आमचं.
खांबावरच्या घरट्यातून करकोचा खाली वाकून बघत होता,
जणू भाडं त्यालाच द्यायचंय.
"खोल किती?"
मी हात डोक्याच्या वर नेला.
"बुडशील."
"पोहता येतं मला."

आधी काळी माती, कुजकट गोड वासाची,
मग निळी चिकण, लोण्यासारखी सुटत जाणारी.
आमच्या लाटगालेत हिचेच रांजण घडवतात,
पाणी धरायला आणखी काय हवं?
एक लालसर खापर वर आलं;
इथं खापरांना तोटा नाही, फेकून दिलं.
बाबांनी खिडकी लावून घेतली.
धूळ येते, म्हणाले.
धूळ कुठली, चिखल होता सगळा.

एप्रिलात बर्फ वितळला आणि तळं काठोकाठ.
मी फळ्यांचा लहानसा धक्का बांधला,
वेखंडाचे कंद आणून लावले,
एक बेडूक न बोलावता आला.
जूनमध्ये धक्का हवेत उभा.
खाली गुडघाभर पाणी,
आणि बेडूक विचारात.

इल्गवार्सनं टोपी काढून डोकं खाजवलं.
दुकानदारानं रबरी चादरीचा भाव सांगितला,
मी फोन ठेवला.
मग लेओन्तिने काठी टेकत आली,
नव्वदीची, अर्ध्या गावाच्या बारशाला जेवलेली.
तिनं तळं बघितलं, मग आमची खिडकी बघितली.
"कुठंतरी पाणी मुरतंय, वाल्दा," म्हणाली,
"आणि ते कुठं, हे तुमच्या घरात एकाला ठाऊक आहे."

रात्री मी टेबलाशी काही बोलले नाही.
बाबा बटाटे सोलत होते,
साल एकसंध, कुठं तुटू न देता.
त्यांच्या पाठीमागच्या खणात पदक आहे:
दलदल कोरडी केल्याबद्दल, साल चौऱ्याहत्तर.
तीस माणसं, चर, मांड्यांपर्यंत गार पाणी,
आणि फूट फूट लांबीच्या भाजक्या मातीच्या नळ्या,
टोकाला टोक, टोकाला टोक, पार ओढ्यापर्यंत.
त्या वर्षी या रानात पहिल्यांदा बार्ली उभी राहिली.
त्याआधी इथं आमची एकुलती गाय
रुतून मेली होती, शिंगं वर ठेवून.
जन्मभर पाण्याला घराबाहेरची वाट दाखवलेला माणूस
माझ्या तळ्याला पाण्यात पाहत होता
आणि मला वाटलं, त्यांना झोप लागत नाही.

यानीच्या रात्रीच्या शेकोट्या विझल्या, त्या सकाळी
ते बूट चढवून निघाले, न सांगता.
सफरचंदाच्या झाडाला पाठ लावली.
सतरा पावलं, मग डावीकडे सहा.
फावडं रोवलं, आणि माझ्या हातात दिलं.
नकाशा नाही, खूण नाही.
छातीएवढं खणलं तेव्हा नळी लागली.
एक खापर उचकटलं, तर तिच्यातून माझं तळं
निवांत, नितळ, पेन्सिलीएवढ्या धारेनं
ओढ्याकडे निघालेलं.

बाबा चरात उतरले, कुणाचा हात न धरता.
धारेखाली बोट ठेवलं, बराच वेळ.
"पन्नास वर्षं," म्हणाले. "एक सांधा हललेला नाही."
मग निळ्या मातीचा गोळा मळून
माझ्याकडे सरकवला.
"तू बुजव. माझ्यानं नाही व्हायचं."

मी बुजवली. मूठ आत घालून, ठासून.
आतून पाण्यानं एकदा ढुशी दिली,
मग नाही.

आता धक्क्याच्या खांबावर खाचा आहेत,
चाकूनं पाडलेल्या, बोट बोट अंतरावर.
बाबा संध्याकाळी येतात, पोटावर पडून खाली वाकतात,
"चांगलं कोरडं रान बुडवलंस," म्हणतात,
आणि पाणी जिथवर आलंय तिथं
आणखी एक खाच पाडतात.